पाकिटाची पोच कोण देणार?

पेन्शनरांचा कट्टा

३ नोव्हेंबर २०२४, रविवार. कॅनडात टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये हिंदू सभा मंदिराबाहेर राडा झाला. झेंडे, काठ्या, धक्काबुक्की, सगळं आपल्या वाहिन्यांनी पोटभर दाखवलं. खलिस्तानवर चर्चा झाली, तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांच्यावर झाली, दोन देशांच्या बिघडलेल्या संबंधांवर तर झालीच झाली. त्या दिवशी मंदिरात एवढी वयस्कर माणसं कशाला जमली होती, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. तिथे भारतीय वाणिज्य दूतावासाचं शिबिर लागलं होतं आणि माणसं पेन्शन चालू राहण्यासाठी दरवर्षी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यासाठी आली होती. बाहेर गोंधळ चालू असताना आत शिक्के पडत राहिले. आपल्या उच्चायुक्तालयाच्या निवेदनानुसार त्या दिवशी हजाराहून जास्त दाखले दिले गेले. पुढची काही शिबिरं मग सुरक्षेच्या कारणावरून रद्द झाली.

भोपाळच्या साकेत नगरमध्ये राहणाऱ्याला या बातमीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आमची वस्ती भेल कारखान्याच्या टाउनशिपला लागून. भोपाळचा हा कारखाना पंडित नेहरूंनी १९६० साली राष्ट्राला अर्पण केला, आणि त्यात आयुष्य घालवलेल्या कितीतरी माणसांनी निवृत्तीनंतर आसपासच्याच वसाहतींत घरं बांधली. दुसरा प्रवाह नागपूरचा. १ नोव्हेंबर १९५६ ला नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला आली आणि जुन्या राजधानीतल्या कचेऱ्यांबरोबर मराठी कारकून, मास्तर, इंजिनिअर इकडे आले. त्यांची मुलं इथे शिकली आणि नातवंडं ह्यूस्टन, टोरांटो, मेलबर्नला गेली. हल्ली आमच्याकडे नवा माणूस येतो तो एम्समुळे. जुना माणूस जातो तो नातवंडं सांभाळायला. सहा महिन्यांसाठी गेलेले आजी-आजोबा दोन वर्षं येत नाहीत. घराची किल्ली शेजाऱ्याकडे आणि पेन्शन बँकेत, असा कारभार चालतो.

अशा घरात पुष्कळदा दोन पेन्शनी असतात. काका भेलमधून निवृत्त, त्यांना कर्मचारी पेन्शन योजना १९९५ खालची रक्कम भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून येते. काकू राज्य सरकारच्या शाळेत होत्या, त्यांची पेन्शन राज्याची. काकूंचा दाखला नोव्हेंबरात. काकांचा मात्र दिल्या तारखेपासून बारा महिने चालतो, म्हणजे फेब्रुवारीत दिला तर पुढच्या फेब्रुवारीपर्यंत. एकाच घरात दोन पंचांगं.    

परदेशी राहणाऱ्याने दाखला कसा द्यायचा, याचा नियम तसा सरळ आहे. केंद्राच्या पेन्शन वाटपाच्या नियमांनुसार मॅजिस्ट्रेट, नोटरी, बँक अधिकारी किंवा भारताचा राजनैतिक प्रतिनिधी यांपैकी कुणीही सही केलेला दाखला तुमच्या अधिकृत प्रतिनिधीने आणून दिला, तर तुम्हाला स्वतः हजर राहायची गरज नाही. प्रकृतीमुळे वकिलातीपर्यंत जाता येत नसेल तर डॉक्टरच्या प्रमाणपत्रासह कागदपत्रं वकिलातीला टपालाने पाठवायचीही सोय आहे. हे सगळं लिहून ठेवणारा माणूस समजूतदार असणार. पण तो काउंटरवर बसत नाही. काउंटरवरचा तरुण अमेरिकन नोटरीचा शिक्का उलटसुलट करून बघतो आणि सांगतो, ‘अंकल, एम्बेसी का ठप्पा लगवाइए।’ डेन्व्हर किंवा मिनिआपोलिसला राहणाऱ्याला हा ठप्पा म्हणजे विमानाचं तिकीट असतं. त्या तरुणालाही दोष देववत नाही. त्याच्यासमोर तो कागद वर्षातून एकदाच येतो, आणि चुकीचा मान्य केला तर वसुली त्याच्या गळ्यात.

समजा, ठप्पा मिळाला. आता कागद इकडे यायचा. साध्या टपालाने येईल तेव्हा येईल. खाजगी कुरिअर चार-पाच दिवसांत आणून देतं, पण त्याचं बिल पाहा. काकांच्या योजनेत किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे, ती २०१४ पासून तिथेच. पेन्शनसाठी धरायच्या पगाराची मर्यादा त्याच वर्षी १५,००० झाली, तेव्हा पस्तीस वर्षं नोकरी त्या मर्यादेत धरली तरी हिशोब साडेसात हजारांच्या आसपास थांबतो. त्याआधी निवृत्त झालेल्यांचे आकडे याहून पुष्कळ खाली. अमेरिकेतून एक पाकीट धाडण्यात काही जणांची महिन्याची, काहींची दोन महिन्यांची पेन्शन खर्च होते. मुलगा म्हणतो, ‘बाबा, सोडून द्या ना ते पैसे, मी देतो.’ ते ऐकून घेणारा बाप अजून माझ्या पाहण्यात नाही. रक्कम किती हा मुद्दाच नसतो. मुलाच्या घरात राहताना स्वतःच्या नावावर दरमहा काहीतरी जमा होतंय, ही गोष्ट वेगळी.

पाकीट पोचलं, शेजाऱ्याने किंवा भाच्याने ते बँकेत नेऊन दिलं. इथून पुढे अंधार. कागद नोंदला गेला का? नाव, पेन्शन आदेशाचा (पीपीओ) क्रमांक जुळला का? तिकडे बसलेल्या माणसाला हे कळायची एकच तारीख असते, ती म्हणजे पुढची पेन्शन जमा व्हायची. जमा झाली नाही की घरात फोनाफोनी सुरू. भोपाळात सकाळचे दहा, तिकडे रात्र. शाखेचा फोन कुणी उचलत नाही. भाचा पुन्हा जातो, तर टेबलावरचा माणूस बदललेला असतो. पैसे बुडत नाहीत हे खरं, दाखला नोंदला गेला की थकबाकीसह मिळतात. पण तोवर इथल्या घराचं वीजबिल, मालमत्ता कर, सोसायटीचा चौकीदार यांचे पैसे ज्या खात्यातून जायचे ते खातं आटलेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की यातली खरी गाठ फॉर्मची नाही, पोचेची आहे. बँकेत दिलेले दाखले गहाळ होतात अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पेन्शन देणाऱ्या बँकांना बजावलं की दाखला घेतला की सहीनिशी पोच दिलीच पाहिजे. शिवाय संगणकात लगेच नोंद करून तिथूनच पोच काढता आली तर उत्तम, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. सूचना चांगली आहे. पण ती तक्रार होती काउंटरवर दिलेल्या दाखल्यांची, म्हणून विचारही काउंटरपुरताच झाला. समोर उभा असलेला पेन्शनर हात पुढे करून पोच मागू शकतो. समुद्रापलीकडून पाकीट पाठवणारा कुणापुढे हात करणार? ज्याला पोचेची सर्वांत जास्त गरज, तोच सूचनेतून सुटला. आणि पाकिटाची पोच पाकिटानेच द्यावी असा माझा हट्ट नाही. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेच्या नव्या सीमाशुल्क नियमांमुळे भारतीय टपाल खात्याने तिकडे जाणारं टपाल घेणंच थांबवलं होतं, ते ऑक्टोबरात सुरू झालं. टपालावर भरवसा ठेवणाऱ्यांना २०२० सालही आठवत असेल. त्या वर्षी कोविडमुळे सरकारला दाखल्याची मुदत आधी डिसेंबरअखेर आणि मग फेब्रुवारी २०२१ अखेरपर्यंत वाढवावी लागली होती. एक ईमेल पुरे. ‘आपला दाखला अमुक तारखेला मिळाला, नोंद झाली.’ सात-आठ शब्द.

आता कुणी म्हणेल, पाकिटांच्या गोष्टी काय घेऊन बसलात, मोबाईल आहे ना! आहे. १० नोव्हेंबर २०१४ ला ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं, २०२१ च्या नोव्हेंबरात चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली, आणि मी स्वतः या सोयीचा पक्का समर्थक आहे. बोटांचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्यांची यंत्रावर अंगठा रगडत बसण्यातून सुटका झाली. इथेच राहणाऱ्याच्या घरी तर पोस्टमन येऊन सत्तर रुपयांत दाखला करून देतो. २०२४ च्या नोव्हेंबर मोहिमेत दीड कोटीहून जास्त डिजिटल दाखले झाले. हे थोडंथोडकं काम नाही. पण ही सारी इमारत आधारवर उभी आहे. ज्यांनी वयाच्या सत्तरीत मुलांच्या आग्रहाने परदेशी नागरिकत्व घेतलं, त्यांना नव्याने आधार काढायचं तर आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. ज्यांचं नाव पीपीओवर एक आणि आधारवर दुसरं (मराठी बायकांचं माहेरचं-सासरचं नाव हे तर न संपणारं प्रकरण), त्यांचा दाखला अडतो. पुन्हा नोकरी केलेल्यांना आणि पुनर्विवाह केलेल्यांना डिजिटल दाखला चालतच नाही, त्यांनी कागदच द्यायचा. म्हणजे कागद राहणार आहे. डिजिटल दाखल्याला लगेच क्रमांक मिळतो, मोबाईलवर संदेश येतो. कागदाला काहीच मिळत नाही. मी मागतोय ती फक्त या दोघांत बरोबरी.

दाखला मागूच नये असं मात्र मी म्हणणार नाही. सरकारी तिजोरीतून पैसा जातो तेव्हा घेणारा जिवंत आहे ना, हे विचारायचा देणाऱ्याला हक्क आहे. २०१० च्या जुलैत टोकियोत सोगेन काटो नावाच्या गृहस्थांना भेटायला अधिकारी गेले. सरकारी दप्तरात त्यांचं वय १११, शहरातले सर्वांत वृद्ध पुरुष. घरात सापडला तो तीस वर्षांपूर्वीचा वाळलेला मृतदेह, आणि त्यांच्या नावाने येणारं निवृत्तिवेतन घरचे घेत होते. मग जपानने दप्तरं तपासली, तेव्हा शंभरी ओलांडलेली दोन लाखांहून जास्त माणसं कागदावर जिवंत निघाली.

आपल्या इतिहासातला सर्वांत मोठा मराठी पेन्शनर मात्र या कटकटीतून मोकळा होता. दुसरा बाजीराव १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी माल्कम याच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाख रुपयांवर कानपूरजवळ बिठूरला जाऊन राहिला. मुलुखापासून इतक्या लांब, पण हयातीचा दाखला द्यायची त्याला गरज नव्हती, कंपनीने त्याच्यावर नजर ठेवायला इंग्रज कमिशनर बिठूरलाच नेमला होता. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ती रक्कमच भारी वाटली होती, आणि बाजीराव तर १८५१ च्या जानेवारीपर्यंत, तेहतीस वर्षं, जगला. हिशोब अडीच कोटींच्या वर गेला. तो गेल्यावर कंपनीने दत्तक पुत्र नानासाहेबांची पेन्शन नाकारली, आणि त्याचं पुढे १८५७ मध्ये काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे.

आपल्याकडे कमिशनर कुणी नेमत नाही, ठीक. पण निदान पहिलं पाऊल कुणी टाकायचं हे तरी ठरवता येईल. अमेरिकेचं सोशल सिक्युरिटी खातं परदेशात राहणाऱ्या आपल्या पेन्शनरांना वर्षा-दोन वर्षांनी स्वतःहून फॉर्म पाठवतं. पत्ता बदलला का, लग्न झालं का, नोकरी करता का, एवढं भरून परत धाडा. नाही धाडला तर तेही पैसे थांबवतात, दयामाया नाही. ब्रिटनचं खातंही टपालाने दाखल्याचा कागद पाठवतं आणि साक्षीदाराची सही घेऊन तो परत मागतं. दोन्हीकडे आधी सरकार विचारतं, मग माणूस उत्तर देतो. आपल्याकडे नोव्हेंबर लागला हे ऐंशी वर्षांच्या माणसाने मेलबर्नच्या ऐन वसंतात आपणहून आठवायचं. ऐंशी पार केलेल्यांसाठी खिडकी १ ऑक्टोबरलाच उघडते हे खरं, पण ती उघडली हे त्यांना शाखेकडून पत्राने कळवल्याचं मी ऐकलेलं नाही. बँकेकडे परदेशातला पत्ता असतो, ईमेल असतो. कर्ज घ्या म्हणून त्यावर संदेश नित्यनेमाने येतातच.

१७ डिसेंबरला आता पेन्शनर दिन येईल. १९८२ मध्ये त्या तारखेला सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात पेन्शन ही कुणाची मेहेरबानी नव्हे असं सांगितलं. त्या घटनापीठावर यशवंतराव चंद्रचूड आणि तुळजापूरकर हे दोन मराठी न्यायमूर्ती होते, हे आमच्या सभांत अभिमानाने सांगितलं जातं. शाल, श्रीफळ, सर्वांत वयस्कर सभासदाचा सत्कार, मग उपमा-चहा. या वर्षी त्यात एक विषय वाढवावा, असं भोपाळातल्या पेन्शनर संघटनांना सुचवतो. रिझर्व्ह बँकेच्या त्या सूचनेत ‘टपालाने किंवा प्रतिनिधीमार्फत आलेल्या दाखल्यांनाही’ एवढे शब्द घालावेत आणि पोच ईमेलने पाठवणं बंधनकारक करावं, अशी मागणी करणारं निवेदन तयार करावं. रिझर्व्ह बँकेचं कार्यालय होशंगाबाद रोडवरच आहे, साकेत नगरहून काही लांब नाही. दोघा-तिघांनी जाऊन देऊन यावं. आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नये.

— साकेतवासी