भूत खोटे, लपवाछपवी खरी

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. शाळेत मुलांना मी तेच शिकवतो. तरीही आज एका भुताच्या बाजूने भांडायचे आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या काठी नायॅक नावाचे गाव आहे. तेथील एका जुन्या घरात भुते नांदतात, असे मालकिणीने १९७७ साली ‘रीडर्स डायजेस्ट’मधून साऱ्या देशाला सांगितले. गिऱ्हाईक आले तेव्हा मात्र बाईंच्या तोंडाला कुलूप! साडेसहा लाख डॉलरांचा सौदा ठरला, विसार दिला गेला, आणि मग परगावच्या त्या खरेदीदाराला घराची कीर्ती कळली. खालच्या न्यायालयाने ‘पाहून घेणे हे घेणाऱ्याचे काम’ म्हणून दावा फेटाळला. १९९१ साली अपील न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तो पुन्हा उभा केला. जगाला भुते सांगणाऱ्या बाईंना ती आता नाकारता येणार नाहीत. सबब कायद्याच्या दृष्टीने घर झपाटलेलेच! नुकसानभरपाई नाकारली, पण सौदा मोडून मागण्याची वाट मोकळी केली.

आपले सुधारक हसतील : न्यायासनानेच अंधश्रद्धेला पाट मांडावा ना! या हसण्यालाच माझी हरकत आहे. न्यायालयाने भूत मानले नाही. विकणारीचा शब्द मानला. भिंत ठोकून पाहता येते, छपराची गळती दिसते. लोकप्रवाद कोणत्या इंजिनियरने तपासावा? त्याने उतरलेली किंमत मात्र पुढे घर विकताना घेणाऱ्याच्याच माथी बसते.

त्याच राज्याने १९९५ साली कायदा केला, की घरात खून वा आत्महत्या घडली असली तरी ती सांगण्याचे बंधन नाही. याला सुधारणा म्हणायचे? ही तर दलालांची सोय!

आपला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा बरा. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष सांगितलाच पाहिजे, असे कलम ५५ बजावते; न सांगणे हे कपट ठरवते. त्यात भुताचे नाव नाही, खरे. पण प्रामाणिकपणाला कलम कशाला हवे?

शेजारपाजारची प्रत्येक कुजबुज वाचून दाखवा, असे मी म्हणत नाही. जे आपण चारचौघांत स्वतः सांगितले, जे आपल्या डोळ्यांदेखत घडले, तेवढे विसार घेण्यापूर्वी सांगा. ज्याला भीती नाही तो घर घेईल. ज्याला आहे तो आपली आयुष्याची पुंजी घेऊन परत जाईल. नव्या घरात पहिली दिवाळी करणाऱ्या कुटुंबाला तेथे काय घडून गेले हे शेजाऱ्याच्या तोंडून कळू नये, एवढेच माझे मागणे आहे.