शिष्यवृत्ती कोणाला : विद्यार्थ्याला की नोंदवहीला?

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी, वॉर्डातील रात्रपाळ्या आणि प्रसूतिगृहातील धावपळ यांतून कसाबसा सवडीचा तास काढून, निवासी डॉक्टर जेव्हा आपल्या प्रबंधाचे आराखडे विद्यापीठाच्या दप्तरी दाखल करतात, तेव्हा त्या आराखड्यांत पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) हा विषय हमखास आढळतो. आणि तो का आढळतो हे आमच्या वाचकांपैकी ज्यांनी मार्गदर्शक या नात्याने अशा आराखड्यांवर सह्या केल्या आहेत त्यांना वेगळे सांगावयास नको. रुग्ण विपुल, सोनोग्राफीचे यंत्र घरचे, वजनकाटा आणि मोजपट्टी फुकटची. शंभर मुली बाह्यरुग्ण विभागात येतात, त्यांची एकवार मोजमापे होतात, आणि स्थूलता व पाळीची अनियमितता यांचा संबंध आहे हा निष्कर्ष, जो आरंभीही सर्वांस ठाऊकच होता, मुदतीत बांधून सादर होतो. यात विद्यार्थ्यांचा दोष आम्हांस फारसा दिसत नाही. ज्या संशोधनासाठी एक पैचीही तरतूद नाही, ते बिनखर्चाच्याच प्रश्नांभोवती घोटाळत राहणार.

म्हणून या विषयावर काम करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या द्याव्यात, ही जी सूचना आपल्या व्यवसायात अधूनमधून पुढे येते, तिचे आम्ही स्वागतच करतो. तशा सोयी अगदीच नाहीत असे नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद १९७९ पासून पदवीपूर्व विद्यार्थ्यांना अल्पकालीन संशोधनासाठी विद्यावेतन देत आली आहे, पदव्युत्तर प्रबंधांसही तिने अर्थसाहाय्य केले आहे, आणि पीएच.डी. करणाऱ्यांस तिची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती आहे. नव्या देणगीदाराने याच प्रकारात आणखी एका रकमेची भर घालून, वर्षअखेरीस उत्कृष्ट प्रबंधाला सुवर्णपदक देऊन समाधान मानावे काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. आणि आमचे उत्तर नकारार्थी आहे.

प्रथम मोजमापाचीच गोष्ट घ्या. मुंबईच्या परळ येथील राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी मुंबईतील १५ ते २४ वर्षे वयाच्या मुलींची जी पाहणी २०१४ साली प्रसिद्ध केली, तीत रॉटरडॅम निकषांनी पीसीओएसचे प्रमाण २२.५ टक्के भरले, आणि त्याच मुलींना अँड्रोजेन एक्सेस सोसायटीचे निकष लावताच ते १०.७ टक्क्यांवर आले. मुली त्याच, शहर तेच, आणि रोग मात्र निम्म्याहून कमी! ज्या व्याधीचे निदान निकषाच्या निवडीवर इतके हेलकावे खाते, तिच्या संशोधनात टेस्टोस्टेरॉन अचूक मोजणे ही चैन नसून पायाभूत गरज आहे; आणि स्त्रियांच्या रक्तातील अल्प प्रमाणाच्या टेस्टोस्टेरॉनबाबत नेहमीच्या इम्युनोअसे पद्धती भरवशाच्या नाहीत, त्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्रीचा आश्रय घ्यावा, अशी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांची शिफारस आहे. हा खर्च निवासी डॉक्टरांनी आपल्या विद्यावेतनातून सोसावा, किंवा तालुक्याहून एस.टी.ने आलेल्या मुलीच्या बापाकडून वसूल करावा, या दोन्ही कल्पना सारख्याच लाजिरवाण्या आहेत.

परंतु पैशाहूनही दुर्मीळ वस्तू काळ ही आहे. शिकागोचे स्टाइन आणि लेव्हेन्थल यांनी १९३५ साली अवघ्या सात स्त्रियांचे वृत्त प्रसिद्ध केले; बीजांडकोशाचा पाचरीच्या आकाराचा भाग कापून काढल्यावर त्यांची पाळी परत आली, आणि पुढे काही दशके ती शस्त्रक्रिया देशोदेशी रूढ झाली. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९५६ ते १९६५ या काळात अशी शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांपैकी ३३ जणींना संशोधकांनी पुढे दोन-तीन दशकांनी शोधून काढले, आणि त्यांच्यात मधुमेह व उच्च रक्तदाब यांचे प्रमाण समवयस्क स्त्रियांपेक्षा ठळकपणे अधिक असल्याचे दाखवून दिले. वंध्यत्वाच्या तक्रारीने आलेली तरुणी पन्नाशीत कोणत्या व्याधी घेऊन येते, हे या एवढ्याशा समूहाने शिकवले. आणि ते शक्य झाले ते कोणा एका विद्यार्थ्याच्या प्रतिभेमुळे नव्हे, तर तिकडच्या कोणा कारकुनाने जुनी दप्तरे रद्दीत घातली नाहीत म्हणून. आपल्याकडे तीन वर्षांचा विद्यार्थी आणि तीस वर्षांचा आजार यांची गाठ पडते, आणि विद्यार्थी उत्तीर्ण होताच त्या शंभर मुलींचा मागमूस राहत नाही.

याचा व्यवहारात काय परिणाम होतो, याचे एक उदाहरण आमच्या व्यवसायाला चांगलेच स्मरत असेल. लेट्रोझोल या औषधाच्या वंध्यत्वातील वापरावर भारत सरकारने २०११ साली बंदी घातली. २०१४ साली अमेरिकेतील ७५० स्त्रियांच्या चाचणीने दाखवले की पीसीओएसमध्ये लेट्रोझोलने जिवंत मूल जन्मण्याचे प्रमाण २७.५ टक्के, तर क्लोमिफेनने १९.१ टक्के आहे; आणि पुढे येथील बंदी उठली. हे औषध आपल्या चिकित्सालयांत बंदीपूर्वी वर्षानुवर्षे लिहिले जात होते. त्या चिठ्ठ्यांचा हिशेब कोणी ठेवला असता तर उत्तर परदेशातून मागवावे लागले नसते, असे म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

तेव्हा आमची तजवीज अशी आहे. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या नावे नव्हे, तर महाविद्यालयातील पीसीओएसच्या एका कायम नोंदवहीच्या नावे, किमान दहा वर्षांच्या मुदतीने मंजूर व्हावी. पहिल्या तुकडीच्या विद्यार्थिनीने मुलींची नोंद करावी आणि तीवर आपला प्रबंध लिहावा. दुसऱ्या तुकडीने त्याच मुलींना पुन्हा बोलावून नवा प्रश्न विचारावा. आणि विद्यावेतनाचा अखेरचा हप्ता प्रबंध सादर झाल्यावर नव्हे, तर नोंदवही पुढच्याच्या हाती रीतसर सोपविल्यावर मिळावा. मुलींच्या प्रवासखर्चाची रक्कम अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी, कारण परत येण्याचे भाडे नाही म्हणून गळलेली मुलगी ही शास्त्रीय दृष्ट्याही हानीच होय. शिवाय हा विद्यार्थी स्त्रीरोग विभागाचाच असावा असा आग्रह नको. चेहऱ्यावरील केसांसाठी मुलगी प्रथम त्वचारोग विभागात जाते, साखरेसाठी औषधवैद्यकाकडे, आणि मनाच्या खिन्नतेसाठी बहुधा कोठेच जात नाही.

यावर आक्षेप येतील, आणि त्यांतील एक रास्त आहे. नोंदवही हातोहात फिरू लागली की गुप्ततेचे काय? अविवाहित मुलीच्या नावापुढे पीसीओएस हा शब्द लिहिला गेल्याची वार्ता गावात पोहोचली, तर तिच्या सोयरिकीवर गदा येते, ही आपल्या समाजाची वस्तुस्थिती आहे. म्हणून नावे व क्रमांक यांची जुळणी एकाच जबाबदार अध्यापकाच्या कुलपाखाली राहावी, विद्यार्थ्यांस केवळ क्रमांक दिसावेत, आणि पुढील वर्षांत पुन्हा बोलावण्याची परवानगी पहिल्याच भेटीत, मुलीस कळेल अशा मराठीत लिहिलेल्या संमतिपत्रावर घेतली जावी. ती अल्पवयीन असल्यास पालकांच्या संमतीबरोबर तिचाही होकार घ्यावा, आणि वयाची १८ वर्षे पूर्ण होताच तो निर्णय पुन्हा तिच्याच हाती द्यावा.