शब्दविचार : ‘गेट-टुगेदर’

अर्धापूरच्या एक भगिनी पुसतात, ‘गेट-टुगेदर’ म्हणजे सभाच ना? नव्हे. सभेस अध्यक्ष, विषय व ठराव लागतात. आप्तेष्ट केवळ भेटीच्या ओढीने जमले, तर त्यास इंग्रज हा सलगीचा शब्द योजितो. यास्तव शोकसभेच्या पत्रिकेत तो घालणे अनुचित होय.

मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामी अंमलात कचेरीची भाषा उर्दू होती. तीत सभेस ‘जलसा’ म्हणत. अरबीत जलसा म्हणजे बसणे. आपली ‘बैठक’ही बसण्यावरूनच आली. इंग्रजी शब्दात मात्र नुसते एकत्र येणे आहे. तेव्हा पत्रिकेत ‘स्नेहसंमेलन’ लिहावे. घरच्यांपुरती ‘गाठभेट’ पुरे. निमंत्रण आजीसच उमगले नाही, तर ती येणार कशी? आणि तिच्यावाचून कुटुंब एकत्र आले, असे आम्ही तरी म्हणणार नाही.