तक्रार आली तर बिघडलं कुठं?

3 फेब्रुवारी 2020. वर्धा जिल्ह्यातल्या दारोडा गावची एक तरुण प्राध्यापिका सकाळच्या बसने हिंगणघाटला आली, नांदोरी चौकात उतरली आणि रोजच्यासारखी कॉलेजकडे चालू लागली. तिच्या मागे लागलेल्या, ओळखीच्याच माणसाने भर रस्त्यात तिच्यावर पेट्रोल ओतून तिला पेटवलं. आठवडाभर झुंज देऊन 10 फेब्रुवारीला तिने प्राण सोडला. 2022 मध्ये न्यायालयाने आरोपीला जन्मठेप सुनावली. ही घटना कॉलेजच्या आवारात घडली नाही, कॉलेजच्या वाटेवर घडली. आपल्या भागातल्या कॉलेजांनी यातून हीच गोष्ट मनावर घ्यायला हवी.

आपलं बीबी लोणार तालुक्यातलं, मेहकर-सिंदखेडराजा रस्त्यावरचं गाव. अशा गावात शिकायला येणारी मुलगी शेजारच्या खेड्यातून एसटीने किंवा काळीपिवळीने येते. तिच्यासाठी कॉलेज गेटपाशी सुरू होत नाही. थांबा, झेरॉक्सचं दुकान, पानटपरीसमोरचा रस्ता, संध्याकाळी चुकलेली गाडी आणि पुढच्या गाडीपर्यंत उभं राहण्याचा तो तास, हे सगळं तिचं कॉलेजच असतं. त्रास बहुतेक वेळा तिथंच होतो. मोटारसायकल मागेमागे येते, नंबर मागितला जातो, नाही म्हटलं की टोळक्यातून शेरे येतात. आणि तिने धीर करून सांगितलंच, तर उत्तर मिळतं, "हे गेटबाहेरचं आहे, आमच्या हातात काही नाही."

मुळात सांगायचा धीर होणंच अवघड. आपल्याकडच्या मुली एकमेकींत काय बोलतात ते कान देऊन ऐका : "घरी सांगतलं तं कॉलेजच बंद होईन." एवढ्या एका वाक्यात सगळी कोंडी आली. त्रास देणारा उजळ माथ्याने हिंडतो, त्याची मोटारसायकल कोणी काढून घेत नाही. शिक्षण मात्र मुलीचं सुटतं आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न उरकलं जातं. मुलांचंही फार वेगळं नाही. वरच्या वर्गातल्यांनी मारलं, मोबाईल हिसकावला, जातीवरून बोललं, तरी "बोभाटा कशाला" म्हणून तेही गप्प बसतात.

दुसरीकडे संस्थेलाही धास्ती असते. गवगवा झाला तर प्रवेश कमी होतील, नाव खराब होईल. म्हणून "आमच्याकडे आजवर एकही तक्रार नाही" हे मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं आणि पालक निर्धास्त होतात. मला या वाक्याची भीती वाटते. शेकडो तरुण मुलंमुली जिथं रोज एकत्र येतात, तिथं वर्षानुवर्षं एकही तक्रार येत नसेल, तर तिथं तक्रार करायला वाटच ठेवलेली नाही, असं मी समजतो.

कुठल्याही कॉलेजात गेलात तर तक्रारपेटी कुठं लावली आहे ते जरूर बघा. बहुतेकदा ती ऑफिसच्या खिडकीशेजारी असते, फी भरायची रांग लागते तिथंच. चिठ्ठी कोण टाकतंय हे पन्नास जणांना दिसतं. कुलूप गंजलेलं, किल्ली शिपाईमामांकडे, आणि पेटी शेवटची कधी उघडली याची नोंद कुठंच नाही. अशा पेटीत कोणती मुलगी चिठ्ठी टाकेल?

कायद्याने तर पेटीच्या कितीतरी पुढचं सांगितलेलं आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. टाळाटाळ केली तर तोही गुन्ह्याला साथ देणारा ठरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळाविरुद्धच्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती हवी, तिच्या अध्यक्षस्थानी महिला हवी, निम्म्या तरी सदस्य महिला हव्यात, आणि विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर विद्यार्थी प्रतिनिधीही हवेत. पाठलाग हा तर सरळ गुन्हाच आहे; पहिल्यांदा सिद्ध झाला तरी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोलीस ठाणं बीबीत आहेच. पण गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेने कोणत्याही ठाण्यात तो नोंदवता येतो आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते.

कॅमेरे लावले, रखवालदार ठेवला की झालं, असं मानणाऱ्यांना मुंबईच्या चर्नी रोडची आठवण करून द्यावी लागेल. जून 2023 मध्ये तिथल्या शासकीय वसतिगृहात आपल्या शेजारच्या अकोल्याची मुलगी मारली गेली, आणि संशय होता तो तिथल्याच सुरक्षारक्षकावर. त्याचा मृतदेह रेल्वे रुळांवर सापडला. मुलींना कोणाची भीती वाटते, हे त्यांच्याच तोंडून ऐकून घेण्याला पर्याय नाही.

आणि जे घडलं ते दडवूनही चालत नाही. अमेरिकेत 1986 मध्ये लीहाय विद्यापीठातल्या जीन क्लेरी या 19 वर्षांच्या मुलीचा वसतिगृहातल्या तिच्याच खोलीत खून झाला. आधीच्या तीन वर्षांत त्या आवारात 38 हिंसक गुन्हे घडले होते, हे तिच्या आईवडिलांना नंतर कळलं. आधी कळतं तर मुलीला तिथं पाठवायचं की नाही, हे त्यांनी विचारपूर्वक ठरवलं असतं. ते दोघं रडत घरी बसले नाहीत. त्यांच्या लढ्यातून 1990 मध्ये कायदा झाला : सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजने आपल्या आवारातल्या गुन्ह्यांचे आकडे दरवर्षी सगळ्यांपुढे ठेवायचे.

आपल्याकडेही किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, याचा वार्षिक अहवाल कॉलेजने आयोगाला पाठवायचा असतो. तो दिल्लीला जातो. तीच दोन वाक्यं कॉलेजच्या सूचना फलकावर लावायला काय हरकत आहे? नाव नको, वर्ग नको, ओळख पटेल असं काहीच नको. फक्त आकडा आणि काय कारवाई केली एवढंच. समितीतल्या मॅडमचा फोन नंबर मुलींच्या खोलीत आतल्या बाजूने लिहा. पेटीही तिथंच हलवा, आणि ती दर आठवड्याला दोघींच्या सहीने उघडा. कॉलेज सुटायच्या वेळी थांब्यावर एक प्राध्यापक उभा राहू द्या, आणि त्या वेळेला गस्त मागणारं पत्र ठाणेदारांना द्या. यातल्या कशालाही अनुदान लागत नाही.

फलकावर "तक्रारी 4, निकाली 4" असं दिसलं, तर त्या कॉलेजला नावं ठेवू नका. तिथं चौघांनी विश्वास टाकला आणि कोणीतरी तो राखला, एवढाच त्याचा अर्थ.

आणि राहिला घरचा भाग, तो तर पूर्णपणे आपल्या हातात आहे. आज रात्री जेवताना लेकीला एवढं सांगा : "तुला कोणी त्रास दिला तर पहिल्यांदा मला सांग. त्यापायी तुझं कॉलेज बंद होणार नाही, हा माझा शब्द." हा शब्द घरात मिळाला, तरच ती कॉलेजात तोंड उघडेल.