जिन्यातला जुमा

मागच्या जुम्याला असरनंतर आमचा भाचा घरी आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते. बेगमने गरम पाणी काढायला घेतले तर म्हणाला, "मामी, थंडच द्या. गरम पाण्याने हे आणखी चिकटतं." टोनर म्हणजे शाई नव्हे, प्लास्टिकची बारीक भुकटी. उष्णता लागली की ती वितळते, आणि कागदावर अक्षर पक्के बसते ते त्यामुळेच. आम्ही रोज शाळेत झेरॉक्स काढतो, पण हे आम्हाला त्या दिवशी कळले.

भाचा झेरॉक्स मशीन आणि प्रिंटर दुरुस्त करतो. एका गिऱ्हाइकाचे ऑफिस दुसऱ्या इमारतीत हलवायचे होते. सकाळी नऊची वेळ दिलेली. हा पोहोचला तर नव्या जागेत सुतार फळ्या कापत होता, सगळीकडे भुसा. मोठ्या मशीनसाठी जाड पिनचा सॉकेट लागतो, तो एकाही भिंतीत नव्हता. आठ दिवस आधी त्याने फोनवर दोनदा सांगितले होते. वायरमनला बोलावण्यात अकरा वाजले.

तोवर त्याने जुन्या जागेत मशीनचे टोनर काढले, स्कॅनरला लॉक लावला. लिफ्ट बंद. शंभरेक किलोचा ऐवज जिन्याने उतरवायला चार हमाल लावले. मधल्या वळणावर मशीन अडकले. एवढ्यात मालक खाली उतरताना म्हणाले, "मी जुम्याला जाऊन येतो, तोवर उरकून टाक." आणि गेले. मालक आपल्याच जमातीतले, पहिल्या सफमध्ये बसणारे. जिन्यावर हमालांच्या खांद्यावर मशीन टाकून भाचा कसा जाणार? खुतब्याचा आवाज लाउडस्पीकरवर जिन्यात ऐकू येत होता, एवढेच तो म्हणाला. हमालांनी मशीन जरा कलते केले आणि आतल्या डब्यातला वापरून उरलेला टोनर पायऱ्यांवर सांडला. तो यानेच कोरड्या फडक्याने पुसला. जुहर त्याने नव्या ऑफिसात, भुशावर पुठ्ठा टाकून अदा केली.

तीन वाजता मशीन सुरू झाले, पण प्रिंट येईना. अकाउंटवाल्याने लगेच निकाल दिला, "हलवताना बिघडवलं." मशीन ठणठणीत होते. नव्या जागी नेटचा राउटर वेगळा, त्यामुळे मशीनला नवा आयपी पत्ता द्यावा लागला होता. कॉम्प्युटर मात्र अजून जुन्याच पत्त्यावर कागद धाडत होते. घर बदलल्यावर पोस्टमनने जुन्या दारात पत्र टाकत राहावे तसे. नऊ कॉम्प्युटरवर एकेक करून पत्ता बदलण्यात आणखी तास गेला. चहाचे कुणी विचारले नाही.

निघताना बिल पुढे केले तर मालक म्हणाले, "एएमसी आहे ना आपली? मग याचे कसले पैसे?" वार्षिक करारात दुरुस्ती येते, स्थलांतर येत नाही, कागदावर तसे लिहिलेले आहे. "बरं, ठेवून जा, बघू." हमालांचे 1600 रुपये भाच्याने खिशातून दिले होते, कारण त्यांना उद्या या म्हणून सांगण्याची त्याची हिंमत झाली नाही.

आम्ही तावातावाने बोललो. मजुराकडून पुरते काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याच्या विरोधात कयामतच्या दिवशी खुद्द अल्लाह उभा राहील, ही सहीह बुखारीतली हदीस आम्ही त्याला ऐकवली. बेचाऱ्याला ती ऐकवून काय उपयोग! ऐकायला हवे होते ते आपल्या घरी जेवत असतील. हुकूकुल इबादवर बयान करण्याची सवय मास्तर लोकांना असतेच.

भाच्याने मुकाट्याने घास संपवला आणि विचारले, "मामू, जूनमध्ये तुमच्या शाळेची कॉम्प्युटर लॅब खाली आणली ना? तो पोरगा माझ्याबरोबर आयटीआयला होता. त्याचे पैसे अजून निघाले नाहीत म्हणत होता."

त्या पोराला आम्हीच बोलावले होते. दोन संध्याकाळी त्याने काम केले होते. बिल आम्हीच ठेवून घेतले होते, "बघू" म्हणूनच.

शनिवारी सकाळी शाळेत गेल्यावर ड्रॉवर उघडला. गेल्या वर्षीच्या हजेरीपटाखाली ते बिल निघाले. मुख्याध्यापकांची सही पाच मिनिटांत झाली. इतके दिवस ती कुणी मागितलीच नव्हती.