गुलजारांची उघड उधारी

माझ्या पिढीतल्या पुष्कळ मराठी माणसांना गालिब पहिल्यांदा भेटला तो मदन मोहन यांच्या चालीत, आणि भेटला हे त्यांना कळलंही नाही. १९७५ सालच्या ‘मौसम’मधलं ‘दिल ढूँढता है’ आठवा. एकदा लता आणि भूपिंदर यांच्या आवाजात, एकदा भूपिंदर यांच्या एकट्याच्या, उदास. गीतकार गुलजार. पण मुखडा त्यांनी गालिबच्या शेरावरून घेतला होता आणि तसं त्यांनी जाहीर कार्यक्रमांत मोकळेपणानं सांगितलंही आहे. अंतरे मात्र त्यांचे स्वतःचे. त्यांत थंडीतलं अंगण आहे, उन्हाळ्यातली गच्ची आहे, बर्फाळ डोंगरातली शांतता आहे.

मूळ गझल वाचायची म्हणून मी गालिबचा दीवान मिळवला. अली सरदार जाफरी यांनी संपादित केलेला, उर्दूच्या समोर देवनागरी छापलेला. ज्यांना उर्दू लिपी येत नाही त्यांच्यावर जाफरींचे केवढे उपकार आहेत! गझल सापडली आणि मी चक्रावले. त्यात कोवळं ऊन नाही, बर्फ नाही, निवांतपणा तर औषधालाही नाही. प्रेयसी पाहुणी म्हणून घरी येऊन गेल्याला बरेच दिवस झालेत, आणि जुनी वेडं एकेक करून पुन्हा डोकं वर काढताहेत. ‘पुन्हा’ हाच त्या गझलेचा ठेका. शेरामागून शेर ‘पुन्हा’ म्हणत येतो. गच्ची गालिबकडेही आहे, पण तिथे तारे मोजत कुणी पडलेलं नाही. कठड्याशी ती उभी असावी, केस चेहऱ्यावर विखुरलेले असावेत, अशी वासना आहे. ज्यावरून मुखडा आला, तो फुरसतीचा प्रसिद्ध शेर अगदी शेवटून दुसरा. त्याच्या पाठोपाठ मक्ता, म्हणजे गझलेचा शेवटचा शेर, येतो आणि त्यात गालिब बजावतो की मला छेडू नका, मी आसवांचं तुफान आणायच्या तयारीनं बसलोय.

म्हणजे ज्या ओळीला आपण इतकी वर्षं सुटीच्या दिवसाची ओळ समजून गुणगुणत होतो, ती वादळाच्या उंबऱ्यावरची ओळ निघाली. गुलजारांनी ती तिथून उचलली आणि उन्हात नेऊन ठेवली. याला कुणी चोरी म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण चोर मालकाचा पत्ता देत नाही. शिवाय मुखडा घेऊन त्यांनी गालिबची नक्कल केली असती तर मूळ गझल वाचायचं कारणच उरलं नसतं. दोन्हींत अंतर आहे, म्हणून दोन्ही हवीत.

‘गुलामी’ चित्रपटासाठी गुलजारांनीच लिहिलेल्या ‘ज़िहाल-ए-मिस्कीं’ची गंमत आणखी वेगळी. १९८५ साली ते गाणं रेडिओवर लागायचं तेव्हा पहिल्या ओळीचा अर्थ कळत नसताना लोक ती तालासुरात म्हणत. ती सुरुवात अमीर खुस्रोच्या नावावर असलेल्या गझलेवरून घेतलेली. त्या गझलेच्या पहिल्या शेरात अर्धी ओळ फारसी आणि अर्धी हिंदवी, असा दोन भाषांचा झोपाळा आहे. ती खरोखर खुस्रोचीच का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. पण त्या शंकेपर्यंत जायलासुद्धा आधी मिथुन चक्रवर्तींचा चित्रपट लागला, हे मला फार आवडतं.

गुलजार स्वतः पुस्तकांकडे कसे वळले ती हकिकत त्यांनीच सांगितली आहे. दिल्लीत, शाळकरी वयात, ते भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या एका दुकानातून रहस्यकथा आणत आणि झपाट्यानं संपवत. रोज नवं पुस्तक मागणाऱ्या या पोराला वैतागून दुकानदारानं वरच्या फळीवरचं एक पुस्तक हातात ठेवलं. ते निघालं टागोरांच्या कवितांचं उर्दू भाषांतर. ते पुस्तक त्यांनी परत केलंच नाही. पुढे उतारवयात त्यांनी टागोरांच्या कविता स्वतः हिंदुस्तानीत आणल्या. उधारी फेडायची हीसुद्धा एक रीत.

मधल्या काळात ‘लेकिन’ झाला. निर्मिती लता मंगेशकरांची, संगीत हृदयनाथांचं, दिग्दर्शन गुलजारांचं. ‘यारा सीली सीली’नं गुलजारांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. गाणं सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामागची टागोरांची ‘क्षुधित पाषाण’ ही कथा फारच थोड्यांना. सतरा वर्षांचे टागोर अहमदाबादला भावाकडे, शाहीबागेतल्या जुन्या मोगली महालात राहिले होते. त्या मुक्कामातून पुढे ही कथा आली. दिवसा ओसाड असलेला महाल रात्री गजबजतो आणि तिथे उतरलेला सरकारी माणूस हळूहळू त्या रात्रींचाच होऊन जातो. चित्रपटात सगळं राजस्थानात गेलं आणि स्त्रीला नाव मिळालं. कथेत ती निनावीच राहते आणि मला ती तशीच जास्त झोंबते. इथे मी टागोरांच्या बाजूची.

विशाल भारद्वाज यांच्या तीन चित्रपटांच्या गाण्यांमुळे गुलजार शेक्सपिअरच्याही दारात उभे राहिले. ‘मकबूल’ म्हणजे मॅकबेथ, ‘ओंकारा’ म्हणजे ऑथेल्लो, ‘हैदर’ म्हणजे हॅम्लेट. ‘हैदर’मधलं ‘बिस्मिल’ नुसतं ऐकलं तर नाचाचं गाणं आहे. नाटक वाचलं की कळतं, राजाचं पाप भर सभेत उघडं पाडायला हॅम्लेट जे नाटकातलं नाटक रचतो, त्या जागी ते बसवलं आहे.

आता मराठी वाचकासाठी एक दुवा, जो जोडायला फारसं कुणी जात नाही. मॅकबेथ आणि ऑथेल्लो मराठी रंगभूमीवर आणले वि. वा. शिरवाडकरांनीही. पहिलं ‘राजमुकुट’ या नावानं, दुसरं ‘ऑथेल्लो’ म्हणूनच. याच शिरवाडकरांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या, कविता गुलजारांनी निवडून हिंदुस्तानीत अनुवादित केल्या आहेत. झेलम जिल्ह्यातल्या दीना गावात जन्मलेला कवी नाशिकच्या कवीपाशी येऊन बसला, आणि आपल्याकडे अजूनही ‘गुलजार म्हणजे सिनेमावाले’ म्हणणारे भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नका. गालिबची ती गझल त्यांच्या हातात द्या, आणि मक्त्यापर्यंत वाचायला सांगा.