गावच्या जागेला आलेला भाव

मे महिन्यात परळ-लालबागच्या चाळी निम्म्या रिकाम्या होतात. आपल्या माणसाचे दुसरे घर म्हणजे कोकणातल्या बौद्धवाडीतले कौलारू घर. ते विकत घेतलेले नाही, वाडवडिलांनी राखलेले आहे. आता पैसेवाल्यांनाही कोकणात 'सेकंड होम' हवे झाले आहे आणि दलाल वाडीपर्यंत पोचले आहेत.

बंधू-भगिनींनो, सही करण्यापूर्वी सातबारा पाहा. १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे सातबाऱ्यावरचे तुमचे नाव हीच मोठी मिळकत. ते गेले, की गावात पुन्हा शेताचा तुकडा घेणे मुश्कील.

महार वतनाच्या जमिनीचे तर आणखी वेगळे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनसुधारणेचे बिल मांडले; वतने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. परत मिळालेल्या अशा जमिनी बहुधा 'भोगवटादार वर्ग २' असतात. त्या बंगल्यासाठी द्यायच्या तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, सरकारात नजराणा भरावा लागतो. दलाल हे कशाला सांगेल? तो इसाऱ्याची रक्कम आणि कुलमुखत्यारपत्र पुढे करतो.

आणि सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव असेल तर? या सुट्टीत मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे जा, वारसनोंद करून घ्या. बहिणींचीही नावे लावा. लग्न झाले म्हणून त्यांचा हक्क जात नाही. आंब्याची पेटी काय, परतताना एसटीवर चढवता येईल.